पहिला पाव कुणाचा?



आजचं वाचन आहे भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक १३. वेळ असेल तर १० ते १६ हे श्लोक सलग वाचा, म्हणजे हा श्लोक मधेच कुठून आला असं वाटणार नाही. आजचं चिंतन नेहमीपेक्षा मोठं आहे आणि त्यातला बराच भाग स्वयंपाकघरात घडतो. तुमच्यापैकी खूप जण घरी ब्रेड, केक, नानखटाई करता हे मला ठाऊक आहे. मीही करते. म्हणून हा श्लोक मला पोथीपेक्षा ओव्हनसमोर जास्त कळला.

श्लोक काय सांगतो

माझ्या शब्दांत अर्थ असा: यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या दोषांतून सुटतात. आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते अन्न नाही, पापच खातात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फारच कडक वाटलं होतं. स्वतःपुरता कुकर लावला म्हणून थेट पाप? मग फ्लॅटवर एकटं राहणाऱ्यांनी करायचं काय?

पण नीट बघा, श्लोक 'एकट्याने खाणं' असं म्हणत नाही. त्यातला शब्द आहे 'आत्मकारणात्', म्हणजे स्वतःच्या कारणासाठी. प्रश्न ताटावर किती जण बसलेत हा नाहीच. चूल पेटवताना मनात कोण होतं, हा आहे. एकटी राहणारी मुलगी देवापुढे वाटी ठेवून, वॉचमनकाकांना दोन घास देऊन जेवते, तेव्हा ती एकटी जेवूनही स्वतःसाठी शिजवत नाही. आणि दहा माणसांच्या घरातही कुणी फक्त स्वतःच्या कौतुकासाठी शिजवू शकतं. हे मी अनुभवाने सांगतेय, पुढे येईलच.

हा विचार गीतेच्याही आधीचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ११७ वं सूक्त दानावर आहे. एकटाच खाणारा पापाचा धनीही एकटाच होतो, असा आशय तिथे सापडतो.

आता 'पाप' हा शब्द. आद्य शंकराचार्य या श्लोकाच्या भाष्यात चूल वगैरे पाच जागी नकळत होणाऱ्या हिंसेकडे बोट दाखवतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात या पाच जागा मोजल्या आहेत: चूल, पाटा किंवा जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. या प्रत्येक ठिकाणी आपल्या हातून काही ना काही बारीक जीव मरतात. जगायचं तर हे टळत नाही. म्हणून गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले: देवांसाठी, पितरांसाठी, ऋषींसाठी म्हणजे अध्ययनाचा, माणसांसाठी म्हणजे अतिथीचा, आणि इतर जिवांसाठी.

पाव करणाऱ्याला हे पटकन समजतं. कोरडं यीस्ट दिसतं रव्यासारखं, पण तो एकपेशीय बुरशीचा जिवंत जीव आहे. चमचाभर यीस्टमध्ये अब्जावधी पेशी असतात. कोमट दुधात त्या जाग्या होतात, पिठातली साखर खातात, कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात आणि पीठ फुगतं. ओव्हनमध्ये पावाच्या आतलं तापमान ५५ ते ६० अंशांच्या पुढे गेलं की त्या मरतात. आपला मऊ पाव त्यांच्या कामावर उभा असतो. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, इडलीच्या पिठातही हेच चालतं. फक्त आपल्या ताटातला घास 'माझा, मी कमावलेला' इतका सरळ नसतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. गव्हाचं, पावसाचं, शेतकऱ्याचं आणि या न दिसणाऱ्या कामकऱ्यांचं देणं त्यात आहे. पुढचा १४ वा श्लोक नेमका पावसावर येतो तो उगाच नाही.

माउली याच ठिकाणी, ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात, अन्नाला साधंसुधं समजू नका, ते ब्रह्मरूप आहे, असं समजावतात. मैदा, लोणी आणि साखर बघताना मला हे आठवत नव्हतं. मला आठवायचा तो फोटो.

आधी पाव करून घेऊ

माझी गोष्ट पावाच्या शेवटच्या पायरीवर घडली. म्हणून आधी पाव कसा होतो ते सांगते. ज्यांनी कधी केला नाही त्यांनाही जमेल.

साहित्य बारा लादी पावांचं: मैदा ५०० ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून कोमट ३२५ मिली, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, मऊ लोणी ४० ग्रॅम. अंडं लागत नाही.

लोणी सोडून सगळं एकत्र करा. मीठ आणि यीस्ट थेट एकमेकांवर टाकू नका, पिठाच्या दोन बाजूंना घाला. दूध बोटाला सुखद वाटेल इतकंच कोमट हवं, चटका बसला तर यीस्टही भाजेल. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट होईल. घाबरून वरून मैदा टाकू नका. बहुतेक दगडी पाव इथेच जन्माला येतात. पाच मिनिटं मळून झालं की लोणी घाला आणि आणखी आठ-दहा मिनिटं मळा. मळताना पाण्याच्या संगतीने मैद्यातली प्रथिनं जोडली जातात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. छोटा गोळा बोटांनी हळूहळू ताणून बघा. न फाटता पातळ पडद्यासारखा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला की मळणं पुरलं.

मग झाकून ठेवा, दुप्पट होईपर्यंत. पुण्यात एप्रिलमध्ये हे पाऊण तासात होतं, डिसेंबरमध्ये दोन तासही लागतात. घड्याळ बघू नका, पीठ बघा. फुगलं की हलक्या हाताने हवा काढून साधारण ७५ ग्रॅमचे बारा गोळे करा. मी आठ गोळे मोठ्या ट्रेमध्ये लावते आणि चार एका लहान गोल डब्यात. असं का, ते पुढे सांगते. गोळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, फुगल्यावर ते एकमेकांना चिकटतात आणि लादी तयार होते. पुन्हा अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. वरून दुधाचा हात फिरवा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर २० ते २२ मिनिटं भाजा. लहान डबा थोडा आधी होतो. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी लावा आणि स्वच्छ ओलसर कापड टाका, कड मऊ राहते.

कणीक वापरायची असेल तर निम्मी वापरा आणि पाणी थोडं वाढवा. चक्कीच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून आट्याला पाणी जास्त लागतं. आणि कोंड्याचे तुकडे ग्लुटेनचं जाळं कापतात, म्हणून निव्वळ कणकेचा पाव मैद्याइतका फुलत नाही. तो तुमचा दोष नाही.

आता शेवटची पायरी: थांबणं. गरम पाव लगेच कापायचा नसतो. आत अजून वाफ असते, स्टार्च बसायचा असतो. घाईने सुरी घातली तर आतला भाग चिकट, लगदा झाल्यासारखा लागतो. जाळीवर निदान अर्धा तास, मोठा ब्रेड असेल तर तासभर.

हे शास्त्र खरं आहे. आणि याच खऱ्या शास्त्राचा मी एकदा आडोसा घेतला.

'उद्या करते'

माझी आजी आमच्याकडेच असते. तिच्या सासरी, वाईजवळच्या गावात, पाव घरात येत नव्हता. सासूबाईंना तो बाटलेला वाटायचा, पायाने मळतात म्हणायच्या. आजी माहेरी जायची तेव्हा एसटी स्टँडवर तिचा भाऊ तिला चहात बुडवून पाव खायला घालायचा. "तेवढंच माझं स्वातंत्र्य होतं बघ," असं ती हसत सांगायची. दात गेल्यावर तर मऊ पाव तिचा फारच लाडका झाला.

लॉकडाऊनमध्ये मी बेकिंग शिकले. आधीचे कितीतरी पाव आजीनेच संपवले. घट्ट झालेले, आंबट झालेले, मीठ विसरलेले. प्रत्येक वेळी "छान झालाय गं" म्हणायची. पुढे माझा हात बसला, शनिवार-रविवारी ऑर्डरी येऊ लागल्या, फोटोंना लाइक यायला लागले. आणि कसं कोण जाणे, बिघडलेले पाव आजीचे आणि जमलेले दुसऱ्यांचे, अशी वाटणी होऊन गेली. कुणी ठरवली नव्हती.

सप्टेंबरमधला एक शनिवार. बारा पावांची लादी ओव्हनमधून काढली. तशी लादी मी त्याआधी कधीच केली नव्हती. एकसारखी उंची, तांबूस चकाकी. मी खिडकीशी नेऊन फोटो काढत होते. आजी काठी टेकत आली. हातात चहाचा कप.

"एक दे गं सोनू, गरम असतानाच. चहात बुडवते."

"आजी, गरम तोडला की चिकट होतो. आणि ही ऑर्डरची लादी आहे, बाराची. एक काढला तर कोपरा तुटेल. तुला उद्या करते."

"बरं बरं," ती म्हणाली. चहा घेऊन परत गेली. जाताना म्हणाली, "वास मात्र मस्त सुटलाय."

मी खोटं काहीच बोलले नव्हते. गरम पाव चिकट होतो हे खरं. लादी ऑर्डरची होती हे खरं. पण वाटीभर पीठ जास्त मळणं माझ्या हातात होतं. सकाळी मैदा मोजताना बारा पाव आठवले, आजी आठवली नाही. 'आत्मकारणात्' म्हणजे काय, ते मला कुठल्याही भाष्यापेक्षा त्या मैद्याच्या मापात जास्त स्पष्ट दिसतं.

तो 'उद्या' आला नाही. रविवारी दुसरी ऑर्डर होती, मग ऑफिसचं रिलीज, मग पितृपक्षात घरात पाहुणे. साधारण तीन आठवड्यांनी आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि गिळणं अवघड झालं. हॉस्पिटलमधून सोडताना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी यादी दिली: काय चालेल, काय अजिबात नको. 'अजिबात नको'मध्ये पहिल्याच ओळीत होतं, ब्रेड आणि पाव. चुरा श्वासनलिकेत जाऊ शकतो, ओला गोळा घशात अडकू शकतो. चहात बुडवलेलाही नाही.

ती यादी मीच फ्रिजवर लावली.

पुन्हा पेटवलेला ओव्हन

चार महिने मी काही भाजलं नाही. ऑर्डर घेणं बंद केलं. आई म्हणाली, "पाव न करून कुणाचं काय भलं होणार आहे?" मला उत्तर नव्हतं.

जानेवारीत आमच्या रविवारच्या ऑनलाइन गीतावाचनात तिसरा अध्याय चालू होता. हा श्लोक माझ्या वाट्याला आला. उच्चार करून मी अर्थ वाचला आणि पुढे बोलताच आलं नाही. कॅमेरा बंद केला. सगळ्यांना वाटलं नेट गेलं.

त्याच दुपारी पीठ भिजवलं. ऑर्डर नव्हती, कुणी मागितला नव्हता. भाजायला ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. वास घरभर पसरणार. जिला खाता येत नाही तिला वासाने छळायचं? मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, एक्झॉस्ट लावला. तरी वास गेलाच. आतल्या खोलीतून आजीची टाळी ऐकू आली. हाक मारता येत नाही म्हणून ती डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर थाप मारते.

आत गेले तर ती माझ्याकडे बघत नव्हती. दिवसभर तिच्यापाशी असणाऱ्या मावशींकडे बोट दाखवत होती. मग बोटं तोंडाशी नेली. पुन्हा मावशींकडे बोट. "दे," एवढं एकच अक्षर नीट आलं.

मावशी संकोचल्या. "नको हो ताई, आजींना चालत नाही आणि मी कशी खाऊ त्यांच्यासमोर?" आजीने पुन्हा थाप मारली, या वेळी जरा रागाने. मग मी चहा केला, पाव आणला. मावशींनी आजीच्या समोर बसून चहात बुडवून पाव खाल्ला. आजी एकटक बघत होती. मावशींच्या हनुवटीवर चहाचा थेंब ओघळला तसा आजीने डाव्या हाताने स्वतःच्या पदराचं टोक पुढे केलं, पुसायला.

मी पुष्कळ दिवसांचं साठलेलं बोलून टाकलं. आजी, त्या दिवशी तू मागितला होतास, मी दिला नाही. ती कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. मग मान हलवली. तिला तो शनिवार आठवतच नव्हता.

मला आठवतो. आणि खरं सांगू, श्लोक म्हणतो तसं मी सगळ्या दोषांतून सुटले, असं मला वाटत नाही. पण 'यज्ञाचं उरलेलं' हा शब्द मला त्या खोलीत समजला. जिच्या वाट्याला घास येणारच नव्हता, तिने आधी दुसरीला दिला. त्या दिवशी सगळ्यात शेवटी, ट्रेच्या कोपऱ्यातला किंचित जास्त भाजलेला पाव मी खाल्ला. तो खरा प्रसाद होता. त्याआधीचे कितीतरी सुंदर पाव नुसते पाव होते.

आता लहान डब्याचं गुपित

म्हणून चार पाव मी वेगळ्या डब्यात लावते. ते आधी निघतात आणि ते मोजणीत नसतात. ऑर्डर आठची असो की चोवीसची, हे चार वरचे. पीठ मोजतानाच ते आठवावे लागतात, ही त्यातली खरी गोष्ट. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. आपल्या घरांत जेवायला बसताना ताटाभोवती चित्राहुती घालतात, पहिली पोळी गोग्रासाची काढतात, ते याचसाठी असावं. आधी काढायचं, मग खायचं.

माझे चार असे जातात: एक देवापुढे, आणि तोच नंतर घरच्यांत वाटला जातो. एक मावशींना किंवा त्या दिवशी दारात येणाऱ्या कुणालाही. एक वरच्या मजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या काकूंना. चौथा सोसायटीतल्या कुत्र्याला, पूर्ण गार झाल्यावर. इथे एक सांभाळा: साधा पाव थोडासा ठीक, पण बेदाणे किंवा चॉकलेट घातलेलं काहीही कुत्र्याला देऊ नका, ते त्यांना विषारी असतं. कच्चं फुगणारं पीठही नको. भूतयज्ञ करताना भूताचा जीव जायला नको.

आणि आजी? आजीसाठी त्या दिवशी रव्याची पातळ, गुठळी नसलेली, गाळून घेतलेली खीर. तिच्या यादीत बसते ती. तिची वाटी आधी भरते, मग ओव्हन लावते.

तुम्ही विचारता ते प्रश्न

यीस्टचा पाव नैवेद्याला चालतो का? याला सगळ्यांना लागू होणारं एकच उत्तर नाही. काही परंपरांमध्ये आंबवलेलं नैवेद्याला घेत नाहीत. दुसरीकडे आपल्याकडे बऱ्याच घरांत ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच, आणि ती नावाप्रमाणे आंबवलेली असते. तुमच्या घराची किंवा गुरुपरंपरेची पद्धत असेल ती पाळा. मनात शंका ठेवून अर्पण करण्यापेक्षा त्या दिवशी नानखटाई ठेवा: तूप, पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, वेलची. ना यीस्ट, ना अंडं. आईच्या लहानपणी दिवाळीआधी घरून तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीत जायचे आणि डबे भरून नानखटाई पाडून आणायचे. आल्यावर पहिली देवापुढे, मग रडणाऱ्या पोरांना.

नैवेद्य दाखवायच्या आधी चव घेत नाहीत, मग मीठ बरोबर कसं कळणार? वजनकाटा घ्या. मैद्याच्या शंभर भागांना मीठ दोन भागांच्या जरा आत, एवढं लक्षात ठेवलं की चाखावं लागत नाही. बेकिंगमध्ये सगळं मोजूनच असतं, म्हणून नैवेद्याला ते उलट सोयीचं.

गीतेच्या १७ व्या अध्यायात शिळं अन्न तामस म्हटलंय, मग ब्रेड तामस का? तिथे रस गेलेलं, वास मारणारं, उष्टं अशा अन्नाबद्दल बोललं आहे. सकाळी भिजवून दुपारी भाजलेला ताजा पाव मला तरी त्यात बसवता येत नाही. चार दिवसांचा बुरशी आलेला ब्रेड मात्र नक्की बसतो. राहिलेल्या पावाचा त्याच दिवशी रस्क करा किंवा वाटून टाका.

ऑर्डर घेणं, पैसे घेणं हे 'स्वतःसाठी शिजवणं' झालं का? नाही. मी पुन्हा ऑर्डरी घेते. कष्टाचा मोबदला घेणं हे प्रामाणिक काम आहे आणि चांगल्या मनाने, चांगल्या तुपात केलेला पाव गिऱ्हाइकाला देणं ही सेवाच. फोटोही काढते. फक्त क्रम बदललाय. आधी लहान डबा रिकामा होतो, मग फोन हातात येतो.

आजचा अभ्यास

एक, श्लोक १० ते १६ वाचा आणि वहीत लिहा: काल मी जे खाल्लं ते माझ्या ताटात यायला किती जण लागले? निदान सात नावं किंवा कामं लिहा. यीस्ट धरलं तरी चालेल.

दोन, या आठवड्यात काहीही कराल, पाव, केक, नाहीतर साधा चहा, तेव्हा सामान मोजतानाच एक माप जास्त घ्या. कुणासाठी ते आधी ठरवा.

तीन, तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी लहानसं मागितलं असेल आणि तुम्ही 'उद्या' म्हणाला असाल. काय मागितलं होतं ते आठवा. हे चिंतन वाचून झालं की फोन बाजूला ठेवून तेवढं करून टाका. बाकीचा अभ्यास राहिला तरी चालेल.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या हातात चव दिलीस, तसा वाटण्याचा क्रमही दे. पीठ मोजताना मला माझ्याच नावाचा विसर पडू दे आणि शेजारच्या खोलीतली टाळी ऐकू येऊ दे. ज्यांना भूक आहे त्यांना अन्न मिळो, ज्यांच्याकडे अन्न आहे पण गिळता येत नाही त्यांना बळ मिळो. आणि जे उरेल ते तुझा प्रसाद म्हणून मला गोड लागो.

उद्या श्लोक १४, पावसाचा. भेटू.

राम कृष्ण हरी!